कुकरची रिंग आणि घड्याळाचं लॉक

घरातलं सगळ्यात धोकादायक भांडं कोणतं असं कुणी विचारलं तर मी कुकर म्हणेन. आत कोंडलेली वाफ, खाली जाळ, आणि आपण शेजारी उभे राहून निवांत कांदा चिरतोय. आपल्याकडच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो जास्त दाब असतो. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की जेवढा दाब वाढतो, जवळपास तेवढाच. आणि अशा या भांड्याची रिंग गेली की आपण काय करतो? खाली उतरतो, भांड्यांच्या दुकानात जातो, "पाच लिटरची रिंग द्या" म्हणतो, घरी येतो, बसवतो. शिट्टी मिळते, दांडा मिळतो, दांड्याचा स्क्रू मिळतो. सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा सुटा मिळतो, जो चुकीचा बसला तर डाळ छताला लागेल. आमच्या आईने आयुष्यात किती रिंगा बदलल्या असतील याचा हिशेब नाही, आणि तिला कधी कुणी "हे काम तज्ज्ञाचं आहे" असं सांगितलेलं नाही.

मग माझा प्रश्न असा आहे की घड्याळाच्या चेनचं लॉक असं काय मोठं लागून गेलंय?

हा प्रश्न मी नवी मुंबईतल्या एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारला होता, जरा सभ्य शब्दांत. (ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाचं लिहिलं तर बाकीचे सज्जन आहेत असं वाटायचं.) घड्याळ डायव्हिंगचं. जाड काच, फिरणारी कडा, दोनशे मीटरची ग्वाही आणि स्टीलची जड चेन. चालतं अगदी ठणठणीत. फक्त चेनचं लॉक धरत नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने घड्याळ हातात घेतलं, एकदा बंद केलं, एकदा उघडलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाला, "सर, लॉक वेगळं येत नाही. पूर्ण ब्रेसलेट घ्यावं लागेल. नऊ हजार आठशे. आणि हे मॉडेल बंद झालंय, त्यामुळे जे मिळेल ते थोडं वेगळं दिसेल."

म्हणजे बावीस कड्या शाबूत, पिना शाबूत, घड्याळ शाबूत. बिघडलाय तो अंगठ्याच्या पेराएवढा दुमडलेला पत्रा. आणि त्यासाठी सगळं उतरवून टाकायचं. कुकरवाल्याने "रिंग वेगळी येत नाही, कुकर नवा घ्या" असं म्हटलं असतं तर आपल्या बायकांनी त्याला दुकानात उभं केलं असतं का?

हे घड्याळ थोरल्या काकांचं. ते बोटीवर इंजिनरूममध्ये होते. चेनच्या कड्यांवर ज्या रेघा आहेत त्या त्यांनी पाडलेल्या आहेत, मी नाही. काकूंनी घड्याळ मला दिलं तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या की कपाटात ठेवू नकोस, वापर. आता चेन बदलली तर काकांचं काय उरतं? डबी आणि काटे. मनगटाला लागतो तो भाग गेला. काउंटरवरच्या मुलाला हे सांगून काही उपयोग नव्हता, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तसा रकाना नाही. पण मला वाटतं की रकाना नसणं हीच तक्रार आहे.

आणि लॉक ही काही फुटकळ गोष्ट नाही, हे मी म्हणत नाही, घड्याळवाल्यांचं स्वतःचं मानक म्हणतं. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. घड्याळ किमान शंभर मीटरसाठी बनवलेलं हवं, ग्वाही दिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाब त्याने सोसायला हवा, मिठाच्या पाण्यात चोवीस तास राहायला हवं, वगैरे. त्यातच एक परीक्षा चेन आणि पट्ट्याची आहे. लॉक बंद करायचं आणि घड्याळाला जिथे चेन जोडलेली असते तिथे दोन्ही बाजूंनी दोनशे न्यूटनचा ताण द्यायचा. दोनशे न्यूटन म्हणजे साधारण वीस किलोचं ओझं टांगण्यासारखं. काही तुटता कामा नये. कारण उघड आहे. घड्याळ पाण्याखाली कितीही चालो, मनगटावर राहिलं नाही तर ते तळाशी बसून अचूक वेळ दाखवत राहील.

मी काही समुद्रात बुड्या मारत नाही. खारघरच्या पावसात जेवढं भिजायला होतं तेवढंच माझं डायव्हिंग. पण वाशी ते मानखुर्द खाडीपुलावर, गर्दीत, दाराजवळ उभं असताना हे लॉक एकदा उघडलं. हात वर होता, कडी धरलेली, म्हणून घड्याळ घसरून कोपराकडे आलं. हात खाली असता तर ठाण्याच्या खाडीत गेलं असतं. दोनशे मीटरच्या ग्वाहीसकट.

आता मुद्द्याचं. हे लॉक असतं तरी काय? जुन्या पद्धतीचं असेल तर आत दोन पाती, एकावर एक दुमडणारी. वर एक झाकण. एका पात्याचं टोक किंचित वळवलेलं असतं, ते झाकणाच्या आतल्या कडेत "टक्" करून अडकतं. आणि डायव्हिंगच्या घड्याळांना बहुधा त्याच्यावरून आणखी एक छोटी सेफ्टी पट्टी दुमडते, जी दोन्ही बाजूंनी झाकणाला चिमटून बसते. झालं. यात ना चक्र आहे, ना केसासारखी स्प्रिंग, ना तेलाचा थेंब मोजून टाकायची भानगड. नवीन लॉकांना बाजूला दोन बटणं असतात आणि आत छोटे स्प्रिंगवाले आकडे. ते जरा जास्त गुंतागुंतीचं, पण रॉकेट तेही नाही.

लॉक "सरकतं" असं आपण म्हणतो तेव्हा निरनिराळ्या गोष्टी घडत असतात आणि आधी नेमकं काय घडतंय ते पाहायला हवं. खिडकीशी बसून, उजेडात, भिंग असेल तर उत्तमच. कधी लॉक उघडत नाही, पण चेन अचानक सैल होते. म्हणजे लॉकच्या कडेला जी तीन-चार बारीक भोकं असतात, त्यातल्या भोकातून स्प्रिंगची पिन निसटलेली असते. ती वाकली असेल किंवा तिची स्प्रिंग मेली असेल तर नवी टाकायची. दहा-वीस रुपयांचं काम, फक्त लांबी आणि जाडी दोन्ही जुळली पाहिजे. बारीक पिन मोठ्या भोकात टाकून "बसली की" म्हणणं म्हणजे पुन्हा तेच. कधी ओल्या सूटवरून घालता यावं म्हणून दिलेली जादा पट्टी आपोआप बाहेर येते. आणि कधी, माझ्यासारखं, मूळ टकच लागत नाही.

पण काहीही करायच्या आधी धुवा. हे मी ओरडून सांगतो आहे असं समजा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. आपल्याकडच्या दमट हवेत, मे महिन्याच्या घामात, लॉकच्या आत जो काळपट लगदा साचतो तो पाहून जेवण जात नाही. घामातलं मीठ, मेलेली कातडी, धूळ (खारघरमध्ये बांधकामाच्या धुळीची कमतरता कधी नव्हती). बटणांच्या लॉकमध्ये तर बऱ्याचदा एवढाच आजार असतो. आकडा लगद्यात रुततो, परत येत नाही, म्हणून लॉक धरत नाही. धुतलं, वाळवलं, पाच-दहा वेळा बटण दाबलं की मोकळं. नवीन ब्रेसलेटची किंमत ऐकून आलेल्या माणसाला साबणाच्या पाण्याने बरं झालेलं लॉक पाहून जे वाटतं, त्याला राग म्हणतात. (धुण्याआधी घड्याळाची चावी घट्ट दाबलेली आहे ना, ते बघा. जुनं घड्याळ असेल, सील कधी बदलले माहीत नसतील, तर चेन काढून फक्त चेनच धुवा.)

माझं धुऊन बरं झालं नाही. उजेडात धरल्यावर दिसलं की सेफ्टी पट्टीच्या दोन्ही कडा किंचित फाकल्या आहेत आणि पात्याचं वळवलेलं टोक झिजून सपाट झालंय. टोक नोज प्लायरमध्ये धरलं, प्लायरच्या जबड्यांना आधी कापडी चिकटपट्टी गुंडाळून, म्हणजे चरे पडत नाहीत. आणि दाबलं. किती? दिसणार नाही इतकं. एकदा दाबायचं, लॉक लावून पाहायचं, मग परत. पट्टीच्या कडाही तशाच आत घेतल्या. घाई करू नये, कारण स्टीलचा पत्रा पुढेमागे वाकवत राहिलं की तिथेच कडक होतो आणि मग एक दिवस तुटतो. जास्त वाकवून परत उलट वाकवायची वेळ येऊ द्यायची नाही. पाऊण तासात टक् ऐकू आलं. मग टीव्हीवर बातम्या बघत बघत पन्नास वेळा उघडलं-मिटलं. गादीवर हात झटकून पाहिला. टिकलं. खर्च शून्य, चिकटपट्टी घरातली.

हे मी कौतुक करून घ्यायला लिहीत नाही. उलट यात कौतुकासारखं काही नाही, हेच तर म्हणणं आहे. आमच्या आजीला हे दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात काय एवढं. कुडीची फिरकी सैल झाली तर ती दांडीला दोऱ्याचा एक वेढा देऊन फिरकी परत बसवायची. गळ्यातल्या साखळीचा आकडा उघडला तर दाताने नाही तर अडकित्त्याच्या टोकाने दाबायची. दागिना रिठ्याच्या पाण्यात टाकून घरीच धुवायची. सोनाराकडे जायचं ते डाग लावायला, जिथे खरोखर विस्तव लागतो तिथे. म्हणजे घरातलं कोणतं आणि कारागिराचं कोणतं, ही सीमारेषा तिला पक्की माहीत होती, आणि ती रेषा तिची तिने आखलेली होती. आता ती रेषा कंपनी आखते आणि आपल्या बाजूला फक्त पैसे भरणं ठेवते.

यावर घरातूनच जे आक्षेप आले ते सांगतो.

आमच्या एका भावाचं म्हणणं, "वॉरंटी जाईल." अरे, कुठली वॉरंटी? काकांच्या घड्याळाची वॉरंटी संपली तेव्हा तू जन्मला नव्हतास. आणि नव्या घड्याळांची कार्डं नीट वाच. माझ्याकडे तीन आहेत, तिन्हींवर पट्टा आणि चेन वगळलेली आहे. जिथे त्यांची जबाबदारी नाही तिथे माझा हात का नको?

दुसरा आक्षेप वेळेचा. "तुझ्या वेळेची किंमत काढ." काढली. सर्व्हिस सेंटरला जाणं-येणं, टोकन, थांबणं, "पार्ट मागवतो, फोन करतो", फोन न येणं, परत जाणं. एक शनिवार पूर्ण आणि दुसरा अर्धा. घरचा पाऊण तास याहून महाग कसा, हे मला एमबीए झालेल्या कुणीतरी समजावून सांगावं.

तिसरा आक्षेप बोलून दाखवत नाहीत, चेहऱ्यावर दिसतो. चिंधीगिरी. एवढा पगार, टॉवरमध्ये घर, आणि हा रविवारी पक्कड घेऊन बसलाय. याला उत्तर नाही. ज्यांना दुरुस्ती म्हणजे गरिबी वाटते त्यांच्याशी मी भांडत नाही, फक्त त्यांच्या माळ्यावर काय काय पडलंय ते एकदा बघून यावंसं वाटतं.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आत्याने घेतला. "तुम्ही सगळे घरीच करायला लागलात तर त्या घड्याळजींनी काय खायचं?" आत्याचं बरोबर आहे. पण आत्या, घड्याळजींच्या पोटावर मी पाय देत नाहीये. खारघरमध्ये मी घड्याळजी शोधायला निघालो होतो. सिडकोने आखलेलं शहर हे. शाळा, बागा, स्टेशन, रुंद रस्ते, आणि आता २०२३ पासून मेट्रोही. पण दोन फुटांच्या काचपेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला लागणारी जागा या आखणीत कुठे बसवायची, याचा विचार झालेला मला तरी दिसला नाही. मोबाइलला टेम्पर्ड ग्लास लावणारे गल्लोगल्ली आहेत. घड्याळजी शोधत मला पनवेलच्या जुन्या बाजारात जावं लागलं. ते गृहस्थ भेटले. लॉक हातात घेऊन म्हणाले, "हे तर तुम्हीच केलंय की छान." मग काकांचं घड्याळ उघडून सील बदलून देण्याचं काम त्यांना दिलं, कारण ते माझं काम नव्हे. घड्याळाची पाठ मी घरी उघडत नाही. उघडता येईलही, पण परत पाण्याला बंद झाली की नाही हे दाबाच्या यंत्राशिवाय कळत नाही.

त्यांनीच मला खरं दुखणं सांगितलं. काम करायची तयारी आहे, हात आहे, नजर अजून बरी आहे. पार्ट मिळत नाहीत. एचएमटीचं होतं तोवर प्रश्न नव्हता. १९६१ साली बंगळुरात सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेला तो सरकारी कारखाना. देशभर घड्याळं इतकी होती की पार्ट कुठल्याही गावात मिळायचे आणि एका बंद घड्याळातून दोन चालती व्हायची. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. त्यांच्या डब्यात अजून जनताचे काटे आहेत. नव्या ब्रँडांचा एकही सुटा भाग नाही, कारण कंपन्या तो बाहेरच्या कारागिराला विकतच नाहीत.

हे फक्त पनवेलचं रडगाणं नाही. युरोपातल्या घड्याळजींच्या संघटनांच्या महासंघाने २००४ साली युरोपियन कमिशनकडे हीच तक्रार केली होती की मोठ्या घड्याळ कंपन्या स्वतंत्र कारागिरांना सुटे भाग देत नाहीत. कमिशनने २००८ मध्ये ती फेटाळली. कोर्टाने २०१० मध्ये तो निर्णय रद्द केला आणि कमिशनला पुन्हा बघायला लावलं. कमिशनने २०१४ मध्ये पुन्हा फेटाळली. २०१७ मध्ये कोर्टाने या वेळी कमिशनची बाजू उचलून धरली. तेरा वर्षं भांडून घड्याळजी रिकाम्या हाताने घरी. कंपन्यांचं म्हणणं असं की आमच्या वस्तूचा दर्जा आणि नकली मालाचा धोका बघता भाग ठरावीक लोकांनाच देणार. आता घड्याळाच्या आतल्या यंत्राबद्दल हा वाद मी समजू शकतो, पटला नाही तरी. पण लॉक? दुमडलेला पत्रा? त्यात कोणता दर्जा धोक्यात येतो?

आपल्याकडे २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. घड्याळाचं वेगळं नाव त्यांत नाही. आणि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने आपणहून माहिती द्यायची आहे. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं आहे, यात वाद नाही, त्याचा नंबर आधी लागायलाच हवा. पण समितीने मला बोलावलं असतं (का बोलावतील?) तर मी पिशवीतून कुकरची रिंग काढून टेबलावर ठेवली असती. जिच्यावर घरातल्या माणसांचा जीव अवलंबून आहे ती वस्तू आपण गेली कित्येक दशकं माप सांगून, सुटी, नाक्यावरच्या दुकानातून विकत घेतोय. हॉकिन्स, प्रेस्टीज बुडाले का? उलट लोक तीच कंपनी परत घेतात, कारण माहीत असतं की रिंग मिळेल.

मागणी फार नाही. लॉकच्या आतल्या बाजूला एक क्रमांक कोरा आणि तो क्रमांक सांगितला की ते लॉक विका. मॉडेल बंद झालं तरी काही वर्षं विका. महाग विका, हरकत नाही, हजार रुपये घ्या. चेनला लॉकची रुंदी प्रमाण ठेवा, म्हणजे एकाचं दुसऱ्याला बसेल.

कारण माझ्या प्लायरलाही मर्यादा आहे. ते टोक मी एकदा वाकवलंय. पत्रा तिथे थोडा कडक झालाच असणार. आणखी चार-पाच वर्षांनी परत सैल पडेल, तेव्हा एकदा वाकवता येईल, कदाचित दोनदा. मग तुटेल. घड्याळ तेव्हाही चालू असेल, पनवेलच्या गृहस्थांनी सील नवे टाकलेत. त्या दिवशी मला एक लॉक लागणार आहे, आणि आजच्या घडीला ते द्यायला जगात कुणी बांधील नाही.